उजव्या विंगेतून

परवा एअरकंडिशनर बंद केला. सात महिने भिंतीत बसून घोरणारा तो पाहुणा गप्प झाला आणि घरात इतकी शांतता पसरली, की आम्ही सगळे एकमेकांकडे बघायला लागलो, कुणाचं तरी काही चुकल्यासारखं. कुवेतात थंडी अशी येते. इथे गळायला पानं नाहीत आणि धुक्यात बुडायला डोंगर नाहीत. एक दिवस यंत्र थांबतं आणि त्याच्या आवाजाखाली दबलेलं सगळं वर येतं. शेजारच्या बाईंच्या सपाता वाजतात. खाली मिरकाबच्या गल्लीतून रॉकेलवाल्याची गाढवगाडी जाते, तिची घंटा ऐकू येते. खिडकीच्या फटीतून उत्तरेचा वारा शीळ घालतो. आणि मला, हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, उजव्या कानाशी कुणीतरी कुजबुजतंय असं वाटतं. उजव्याच. डावा कान माझा अगदी सज्जन आहे, त्याला कधी काही ऐकू येत नाही.

बायको म्हणते, "तेल घाला कानात." धाकटा शाळेतल्या इंग्रजीत म्हणतो, "बाबा, इट्स ओन्ली द विंड." दोघांचंही बरोबर असेल. पण मी कपाटातून लोकरीचा कोट काढतो, डांबरगोळ्यांचा वास छातीभर ओढून घेतो आणि मनात म्हणतो, आला. नाटकाचा सीझन आला.

आज माझ्या पोटाकडे आणि मिशीकडे बघून कुणाला पटणार नाही, पण एकोणीसशे पन्नासच्या दशकात मी कुवेतमधली एकमेव मराठी नायिका होतो. आमच्या मंडळात बाई नव्हती. मंडळात कसली, गावातच मोजून तीन-चार मराठी संसार, आणि त्यातल्या बायका आम्हां सड्याफटिंग कारकुनांबरोबर नाटकात उभ्या राहतील हे त्यांच्या नवऱ्यांच्या स्वप्नातही येणं शक्य नव्हतं. मी होतो सव्वीस वर्षांचा, सडपातळ, साताऱ्याच्या शाळेत असताना दोनदा लुगडं नेसून बक्षीस मिळवलेला. बस्स, मिशी गेली. त्या हिवाळ्यात मला कुणी वसंता म्हणालं नाही. सगळे वैनीच म्हणायचे. सकाळी नळावर रांगेत उभा असलो की मागून आवाज यायचा, "काय वैनी, आज दाढी नाही केली वाटतं? दादा काय म्हणतील!"

दादा म्हणजे गोडबोले. पुण्याचे, तेल कंपनीच्या कागदपत्रांच्या खात्यात. नाटकाचे लेखक तेच, दिग्दर्शक तेच आणि नायकही तेच. नाटकाचं नाव मी सांगत नाही, कारण गोडबोले अजून खणखणीत आहेत आणि हे वाचतील. गोष्ट एवढीच, की नवरा आफ्रिकेला जातो, बारा वर्षं त्याचं पत्र नाही, बायको एकटी वाट बघते. मूल नाही, बाळ नाही, यावर दुसऱ्या अंकात माझं दोन पानी भाषण होतं. तिसऱ्या अंकात तो दाढी वाढवून परत येतो आणि ती त्याला ओळखत नाही. मग ओळखते. मग पडदा.

आमचा दौरा निघायचा. दौरा म्हणजे तीन मुक्काम, पण शब्द दौराच. पहिला प्रयोग मिरकाबमधल्या एका शाळेच्या अंगणात, जिथे मधल्या प्रवेशात शेजारच्या गच्चीवरची शेळी हमखास बोलायची. दुसरा शर्कमध्ये, समुद्राला लागून असलेल्या एका व्यापाऱ्याच्या गोदामात. तिथे खजुराच्या पोत्यांवर प्रेक्षक बसत आणि मासळीच्या वासात माझा विरह अधिकच खरा वाटे. आणि तिसरा, सगळ्यात मानाचा, अहमदीत.

अहमदी म्हणजे तेल कंपनीनं वाळवंटात उचलून ठेवलेलं विलायती शहर. एका मापाची घरं, घरापुढे हिरवळ, हिरवळीवर पाण्याचं कारंजं, आणि मधोमध क्लबाचा मोठा हॉल. त्या हॉलला खरा लाकडी रंगमंच होता, मागे आरशाची खोली होती, आणि तांबडा मखमली पडदा होता, जो दोरी ओढली की कुरकुर न करता उघडायचा. हिवाळ्यात विलायतेहून फिरती नाटक मंडळी येत. बोटीनं, विमानानं, कुठून कुठून खेळ करत यायची आणि दोन दिवस साहेबलोकांना हसवून पुढे जायची. आम्ही खुर्च्या मांडायला जायचो आणि मागच्या दाराशी उभं राहून बघायचो. इंग्रजी विनोद अर्धा कळायचा. पण त्यांच्या घरांना नाटकातही पाच-पाच दारं असत आणि चुकीच्या वेळी चुकीचं दार उघडतं यावर दोन तास निघत, हे बघून मी थक्क व्हायचो. आमच्या नाटकात एकच दार होतं, आणि तेही रंगवलेलं.

अशाच एका खेळाला माझ्या शेजारी दाऊदभाई उभे होते. ते आमचे प्रॉम्प्टर. त्यांनी माझ्या दंडाला धरून दाखवलं, "ती बघ. विंगेत." एक गोरी बाई लहानशा दिव्याखाली पुस्तक घेऊन बसली होती आणि चक्क गप्प होती. सबंध अंकात ती एकदाच बोलली, एक शब्द, आणि नटानं तो झेलला.

"ही कसली प्रॉम्प्टर?" मी म्हटलं. "हिला बसवून ठेवलंय कशाला?"

"साहेबाचा प्रॉम्प्टर बंबवाला असतो," दाऊदभाई म्हणाले. "आग लागली तर येणार. मी तुझा नळ हाय. मी बंद झालो की तुझी चूल बंद."

खोटं काय त्यात? आमच्याकडे प्रॉम्प्टर पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत सगळं नाटक वाचत असे, नटाच्या अर्धं पाऊल पुढे. ड्यूट्या संभाळून तालमी व्हायच्या, पाठांतर कुणाला? मला पहिला अंक येत होता, दुसरा ओळखीचा होता आणि तिसरा मी दाऊदभाईंवर सोडला होता. उजवीकडून जे कानात पडेल ते तोंडातून बाहेर काढायचं. मध्ये डोकं आणायचं नाही. डोकं आणलं की वाक्य अडकतं. गोदामातल्या प्रयोगात दाऊदभाई दबक्या आवाजात म्हणाले, "घड्याळ काढ हातातलं," आणि मी, पतीविरहानं व्याकूळ झालेली साध्वी, आभाळाकडे बघत आर्त स्वरात म्हणालो, "घड्याळ काढ हातातलं!" पोत्यांवरचं पब्लिक इतकं हसलं की एक पोतं फुटलं.

दाऊदभाई रत्नागिरीकडचे, खाडीकाठच्या एका गावचे. बंदरावर मालाची नोंद ठेवायचे. माझ्यापेक्षा आठेक वर्षांनी मोठे. मराठी शाळेतून सातवी पास झालेले, तालुक्यात पहिले, आणि ते सांगायची एकही संधी न सोडणारे. त्यांची गंमत अशी, की बोलणं खाडीचं आणि वाचणं एकदम शुद्ध. वही हातात आली की 'नाय'चं 'नाही' व्हायचं, 'हाय'चं 'आहे' व्हायचं, आणि गोडबोल्यांची लांबलचक संस्कृताळलेली वाक्यं त्यांच्या कुजबुजीतून न खरचटता बाहेर यायची. गोडबोले म्हणायचे, "माझं नाटक दाऊदमियांच्या तोंडून ऐकावं. तुम्ही लोक ते फक्त घाण करता."

आता दाऊदभाईंचं दुसरं सांगायला हवं. ते घरी जात नव्हते.

त्यांची बायको जैनब तीन वर्षांपूर्वी बाळंतपणात गेली. ते इथे होते. पत्र बोटीनं यायला वेळ लागला, म्हणजे ती गेल्यावरही कितीतरी दिवस दाऊदभाई इथे तिच्यासाठी कापड बघत बाजारात हिंडत होते. मुलगी जगली. अमीना. दाऊदभाईंच्या बहिणीनं तिला वाढवलं. ती चालायला लागली, बोलायला लागली, हे सगळं पत्रातून. बहीण प्रत्येक पत्रात लिहायची, भाई, पोर विचारते, माझा बाबा कुठल्या बोटीत बसलाय? दाऊदभाईंनी दोनदा तिकीट काढलं आणि दोनदा परत केलं. एकदा तर सामान धक्क्यावर नेऊन परत आणलं. आमच्या खोलीत आम्ही सहा जण राहायचो. एका दुपारी ते भिंतीकडे तोंड करून, कुणालाच उद्देशून नाही असं, बोलले, "मी हय हाय तोवर जैनब तिकडं हाय. मी तिकडं गेलो की ती नाय." नंतर कुणीच त्यांना घरी जा म्हणालं नाही. मंडळाच्या बैठकीत त्यांच्या रजेचा विषय निघाला की गोडबोले खोकायचे.

अहमदीच्या प्रयोगाला आठ दिवस होते तेव्हा घोटाळा झाला. पहिल्या दोन प्रयोगांचं उसनं लुगडं मालकिणीबरोबर देशी गेलं होतं, आणि मुंबईहून आमची कपड्यांची ट्रंक येणार होती. तिच्यात माझी तीन लुगडी, अंबाडा आणि खोटे दागिने. बोट आली, लाँच जाऊन आली, सगळं उतरलं, ट्रंक नाही. ती न उतरता तशीच पुढे बसऱ्याला गेली होती. गोडबोले दोन दिवस जेवले नाहीत. एका कुटुंबवत्सल मराठी बाईंनी मोठ्या मनानं स्वतःची साडी देऊ केली, पण ती होती नायलॉनची, गुलाबी, फुलाफुलांची. ती नेसून मी चुलीपुढे बसलो असतो तर नवरा आफ्रिकेहून आल्या पावली परत गेला असता.

त्या संध्याकाळी दाऊदभाईंनी पलंगाखालची पेटी ओढली. कुलूप काढलं. तळातून एक लुगडं काढून माझ्या मांडीवर ठेवलं. हिरवं, विटकं, तांबड्या काठाचं. पदराजवळ पांढऱ्या दोऱ्यानं रफू केलेलं.

"घरनं निघालो तवा जैनबनं दिलं होतं," ते म्हणाले. "डेकवर अंथरायला. कोकणातली बाई नवा कपडा देत नाय अंथरायला, अंगावरचा जुना देते."

मी ते हातात घेतलं मात्र, खोलीत एक वास पसरला. चुलीचा धूर, खोबरेल, सुकी मासळी, आणि खाली कुठेतरी एक माणसाचा वास. त्या खोलीत आम्ही सहा पुरुष रॉकेलच्या स्टोव्हच्या वासात राहत होतो.

"धुतलं नाय मी," दाऊदभाई म्हणाले. "तू पण धुव नको."

त्या दिवसापासून त्यांनी मला वैनी म्हणायचं सोडलं. वसंता म्हणायला लागले.

शुक्रवारी दुपारी दोनचा प्रयोग. अहमदीचा हॉल आम्हांला दिवसाच मिळायचा, कारण संध्याकाळी तिथे साहेबांचा नाच. म्हणून खिडक्यांना काळं कापड ठोकायचं. ट्रकमधून नारळाच्या झाडांचा पडदा, खोटी चूल, खोटं दार आणि मी असे निघालो. वाटेत नाक्यावर पहाऱ्यावरच्या शिपायानं पेटी उघडली आणि लुगडं उचलून विचारलं, "शिनू हादा?" हे काय? मी छातीवर हात ठेवून लाजलो. शिपाई घाबरून दोन पावलं मागे गेला. सगळा ट्रक हसला. दाऊदभाईंनी मात्र लुगडं त्याच्या हातातून घेतलं, घडी घातली आणि अहमदी येईपर्यंत मांडीवर धरून बसले.

आरशाच्या खोलीत मी नेसत होतो. नऊवारी नेसण्यात मी स्वतःला उस्ताद समजायचो. दाऊदभाई वही घेऊन दारात उभे राहिले आणि बघत राहिले. मग म्हणाले, "पदर तसा नाय. डोईवरनं घ्यायचा. आनि हा कान उघडा ठेवायचा." त्यांनी स्वतःच तो माझ्या उजव्या कानामागे सारला. त्यांची बोटं गार होती. आरशात आम्ही दोघे दिसत होतो. मी काहीतरी टवाळ बोलणार होतो, माझी सवयच ती, पण आरशातला त्यांचा चेहरा माझ्याकडे बघत नव्हता. तो आरशात जी होती तिच्याकडे बघत होता.

"घंटा द्या," बाहेरून गोडबोले ओरडले.

पहिला अंक छान झाला. दुसरा त्याहून छान. अपत्यहीनतेचं दोन पानी भाषण संपल्यावर पुढच्या रांगेतल्या रत्नागिरीकर मंडळींनी चक्क डोळे पुसले. हॉल भरलेला होता. काळ्या कापडाच्या एका फटीतून उन्हाची एक रेघ आत आली होती आणि ती माझ्या पायाशी पडली होती. बाहेर वारा सुटला होता. क्लबाच्या झेंड्याची दोरी खांबावर आपटत होती, टक, टक, टक.

तिसरा अंक. मी चुलीपुढे. दार वाजतं. गोडबोले आत येतात, दाढीसकट. मी वळून बघायचं आणि म्हणायचं. काय म्हणायचं? मी उजवा कान पुढे केला. विंगेत शांतता. मी चूल फुंकली. पुन्हा कान. काही नाही. गोडबोल्यांच्या डोळ्यांत मला शिव्या दिसायला लागल्या. झेंड्याची दोरी, टक, टक. मी पदर सारखा केला, तेव्हा तो वास पुन्हा नाकात आला, आणि तेवढ्यात उजवीकडून, अगदी जवळून, ऐकू आलं.

ऐकू आलं ते मी म्हणालो. डोकं मध्ये आणलं नाही.

"आयलाव? लय उशीर केलाव. मी आता हय नाय. पोरीला तरी बघा."

शब्द बाहेर पडल्यावर कळलं की ही वहीतली भाषा नाही. गोडबोल्यांनी जन्मात असं वाक्य लिहिलं नसतं. पुढच्या रांगेतला एक म्हातारा रत्नागिरीकर उभाच राहिला, आणि हळूच परत बसला. मी गोडबोल्यांकडे बघत होतो आणि गोडबोले माझ्याकडे.

"पोर?" ते शेवटी म्हणाले. नट म्हणून नाही, घाबरलेल्या माणसासारखे. "कुणाची पोर?"

मागच्या रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं. बारा वर्षं आफ्रिकेत असलेल्या नवऱ्याला बायको पोर दाखवते म्हणजे काय, हे हळूहळू लोकांच्या लक्षात येत होतं. मी आठवेल ती वाक्यं जोडत, गोडबोले आठवतील ती तोडत, कसेबसे शेवटाला पोचलो. तांबडा पडदा कुरकुर न करता मिटला.

"गाढवा!" पडदा पूर्ण मिटायच्या आत गोडबोल्यांनी माझा दंड धरला. "अडीच अंक साध्वी ठेवली होती मी तिला! दोन वाक्यांत बिघडवलीस!"

"मला काय विचारता?" मी म्हटलं. "दाऊदभाईंना विचारा. प्रॉम्प्ट आला तेच म्हणालो."

उजव्या विंगेत स्टूल होतं. स्टुलावर वही उघडी होती, बरोबर त्याच पानावर. बॅटरी पेटलेली होती. दाऊदभाई नव्हते.

हॉलचा राखणदार मिंगेल म्हणून एक गोवेकर होता. तो म्हणाला, "तो? तो मागच्या पायऱ्यांवर बसलाय ना. तुमची तिसऱ्या अंकाची घंटा झाली आणि आला बाहेर. मीच पाणी दिलं त्याला."

"आत गेला होता का मध्ये?"

"खंय? माझ्यासमोर बसलाय."

आम्ही बाहेर गेलो. चार पायऱ्या, पुढे हिरवळीचा तुकडा, त्यापलीकडे वाळू. संध्याकाळचं पिवळं ऊन पडलं होतं. दाऊदभाई शेवटच्या पायरीवर बसले होते. मला लुगड्यात येताना पाहून त्यांनी मान फिरवली.

"दाऊदभाई, असं काय वाचलंत?" गोडबोले म्हणाले.

"मी काय नाय वाचलं. मला बघवंना तिला, म्हणून उठलो. माफ करा." मग माझ्याकडे न बघता, "काय बोललास तू?"

मी सांगितलं. जसं ऐकलं होतं तसं. दाऊदभाईंनी कपाळ गुडघ्यावर टेकलं. गोडबोले दाढी काढून हातात घेऊन नुसते उभे राहिले.

मी गेली कित्येक वर्षं ही गोष्ट रंगवून सांगत आलोय. कधी गोडबोल्यांची दाढी त्या वेळी गळून पडते, कधी शेळीला मी मिरकाबहून अहमदीला आणतो. मित्र हसतात, मग हमखास कुणीतरी हुशार माणूस म्हणतो, अहो, तुमच्याच डोक्यातलं होतं ते. दाऊदची मुलगी तुम्हांला माहीत, खाडीची बोली रोज कानावर, वेळ आली आणि तोंडातून निघालं. मी म्हणतो, असेल. खरंच असेल. मी त्या सहा जणांच्या खोलीत दोन वर्षं काढली होती, जैनब किती वेळा त्या खोलीत येऊन गेली असेल. फक्त एक सांगतो. मला जन्मात स्वतःहून वाक्य सुचलेलं नाही. मी नट आहे. मला कुणीतरी सांगावं लागतं.

पण त्या दिवशीची आणखी एक गोष्ट आहे, जी मी मित्रांना सांगत नाही. आरशाच्या खोलीत मी लुगडं सोडलं, नीट घडी घातली आणि दाऊदभाईंच्या हातात दिलं. त्यांनी ते तोंडाशी नेलं. एकदा. पुन्हा एकदा, पदराकडून. मग काठाकडून. तीन अंक ते माझ्या अंगावर होतं, दिव्यांच्या उष्म्यात. माझा घाम, माझी पावडर, भुवयांचं काजळ, डिंक. दाऊदभाईंनी ते खाली घेतलं आणि माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. दुकान बंद झालेलं बघून माणूस दाराकडे बघतो तसं.

"गेला," ते म्हणाले.

मला काही म्हणता आलं नाही. तेव्हा विंगेत कुणी नव्हतं.

आठ दिवसांनी त्यांनी तिसऱ्यांदा तिकीट काढलं. यावेळी परत केलं नाही. ते परत कुवेतला आलेही नाहीत. तीन महिन्यांनी पत्र आलं, शुद्ध मराठीत, तालुक्यात पहिल्या आलेल्या अक्षरात. मुलीने प्रथम मामा अशी हाक मारली, असं लिहिलं होतं. बहिणीनं सांगितलं की हा बाबा, तर म्हणाली की बाबा बोटीत आहे, हे तर घरात आहेत. चौथ्या दिवशी त्यांच्या ताटातला मासा उचलून खाल्ला. आता शेजारी झोपते. पुढे त्यांनी गावातच दुकान घातलं, असं कुणीतरी येता-जाता सांगितलं. आमच्या मंडळात दुसरा प्रॉम्प्टर आला, चांगला होता, पण त्याचा आवाज प्रेक्षकांनाही ऐकू जायचा. मग बायकाही कामं करायला लागल्या. मिशी परत आली. तेलानं गाव वाढलं, शर्कचं गोदाम पाडलं. अहमदीचा हॉल आहे अजून. मागच्या महिन्यात कामानिमित्त गेलो होतो तेव्हा मुद्दाम आत डोकावलो. खुर्च्या भिंतीला रचून ठेवल्या होत्या. मी रंगमंचावर गेलो, चूल असायची तिथे उभा राहिलो आणि उजवीकडे कान केला. मग स्वतःचीच लाज वाटून खाली उतरलो. राखणदार आता दुसरा आहे. त्यानं विचारलं, काही हरवलं का.

दाऊदभाई बोटीनं निघाले ती सकाळ स्वच्छ, बोचऱ्या गारठ्याची होती. तेव्हा बोट किनाऱ्याला लागत नसे. खोल पाण्यात उभी राहायची आणि धक्क्यावरून लाँच माणसं पोचवायची. पावसानंतरचे दिवस, धक्क्याच्या तोंडाशी बेदुइन बायका वाळवंटातली फगा नावाची अळंबी विकायला बसल्या होत्या, मातीनं भरलेली, बटाट्यासारखी. दाऊदभाईंनी मुलीसाठी बाहुली घेतली होती, तिचे पाय पिशवीतून बाहेर आले होते. पोचवायला मी एकटाच होतो. गोडबोल्यांना निरोपाचे प्रसंग फक्त लिहिता येत.

लाँचवाला माणसं भरत होता. दाऊदभाई पेटी खाली ठेवून माझ्याकडे वळले.

"वसंता. तिनं तुला सांगितलंन. मला नाय सांगितलंन."

मी म्हटलं, "दाऊदभाई, मला तर वाटतंय मीच..."

"ऱ्हावंदे. एकदा म्हणून दाखव. ती बोलली तसं."

मी आजूबाजूला पाहिलं. हमाल, पोती, दोन शिपाई. मी शर्ट-पँटमध्ये, ओठावर नव्या मिशीचे खुंट. मी म्हणालो.

"ओरडतोस कशाला? ती काय थेटरात होती?"

मी परत म्हणालो, हळू, आवाजात जरा कंप आणून. त्यांनी मान हलवली.

"रडू नको. ती रागावली की रडायची नाय. सरळ बोलायची. भांडी घासता घासता."

लाँचवाला ओरडला, "यल्ला, यल्ला!" मी डोळे मिटले. रंगमंच आठवला नाही, गोडबोले आठवले नाहीत. भांडी आठवली फक्त. आणि मी म्हणालो, "आयलाव? लय उशीर केलाव. मी आता हय नाय. पोरीला तरी बघा."

डोळे उघडले तर दाऊदभाई अगदी जवळ आले होते. उजव्या बाजूला.

"हां," ते म्हणाले. मग थोडं थांबून, "पुढं?"

"पुढं काही नाही, दाऊदभाई. एवढंच ऐकू आलं."

त्यांनी पेटी उचलली, बाहुलीचे पाय पिशवीत सारले आणि लाँचमध्ये उतरले. दोर सुटला. पाणी मध्ये आलं, आधी हातभर, मग पुरुषभर. लाँचमधले बाकीचे सगळे बोटीकडे तोंड करून बसले होते. दाऊदभाई धक्क्याकडे तोंड करून बसले होते आणि माझ्या ओठांकडे बघत होते.